पाच वॅटचा हट्ट

“पाच वॅट?” दयानंदने चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि अंगणात उभ्या असलेल्या आपल्या टेम्पोकडे असं पाहिलं, जणू त्यालाही ही गंमत ऐकवायला हवी. “वहिनी, मोबाइलचा चार्जर ह्याच्यापेक्षा मोठा असतोय.”

प्रदीप हसला. दयानंद हसला त्याचं तृप्तीला काही वाटलं नाही. तो घरमालकिणीचा मुलगा, वराती आणि जत्रांना साऊंड पुरवायचा त्याचा धंदा. त्याच्या लेखी म्हैस दुधावर जोखायची आणि अ‍ॅम्प्लिफायर वॅटवर. पण स्वतःचा नवरा हसतो, तोही असा नवरा की ज्याला फ्यूज बदलायचा झाला तर बायकोला हाक मारावी लागते, हे तिला झोंबलं.

“घ्यायचाच तर पन्नासचा घ्या,” दयानंद म्हणाला. “मी आणून देतो. वाजला तर पायजे का नको?”

“मला खोलीत वाजवायचाय, दादा. सगळ्या खोऱ्याला नाही ऐकवायचा.”

“मग घेताच कशाला?”

तिने कडेवरच्या पिंकीच्या मुठीतला टोस्टचा ओला लगदा काढून घेतला आणि जिना चढून वर गेली.

पौडहून कोळवणला जाणाऱ्या रस्त्यावरचं गोजराबाईंचं हे दुमजली घर. शेताचा एक तुकडा पुण्याच्या लोकांच्या फार्महाऊससाठी गेला आणि त्यातून वरचा मजला चढला. त्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तृप्ती, प्रदीप आणि नुकती पावलं टाकायला लागलेली पिंकी. प्रदीप पिरंगुटच्या कारखान्यात होता. तृप्ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. हिंजवडीत टेस्टिंगचं काम करायची, पिंकीच्या वेळी ते सोडलं. सोडताना ‘वर्षभराने बघू’ असं सगळे म्हणाले होते. वर्ष झालं. कुणी बघितलं नाही.

गिटार मात्र तिने सोडली नव्हती. कॉलेजच्या हॉलमध्ये एक जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प होता, जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा. चालू केला की नळ्या तापून तांबूस व्हायच्या, आणि मग तार जरा जोरात छेडली की आवाज फाटायचा नाही, गळा दाटून आल्यासारखा भरून यायचा. तो आवाज तिच्या कानातून गेला नव्हता. आता ती गिटार मोबाइलला जोडून हेडफोनवर वाजवायची. पण दोन्ही कान झाकले की मूल ऐकू येत नाही. म्हणून एका कानात गिटार आणि दुसरा कान पिंकीसाठी उघडा. त्यातही मध्येच थांबून कानोसा घ्यायचा: फारच शांत आहे, काय तोंडात घातलंन हिने? अशाने गाणं पुरं होत नाही. एक छोटा अ‍ॅम्प हवा होता, खोलीत हळू वाजणारा, दोन्ही कान मोकळे ठेवणारा. आणि तो स्वतः बांधायचा होता. सुटे भाग एका खोक्यात येतात, आपण एकेक सोल्डर करायचा. तिचे हात वर्षभर भाताचा कुकर आणि लंगोट यांच्या पलीकडे गेले नव्हते.

पण हे बोलायची खोटी, घरात सगळ्यांना एकदम पिंकीची काळजी लागली.

“त्यात चारशे व्होल्ट असतात म्हणे,” प्रदीप म्हणाला. त्याने मोबाइलवर काहीतरी वाचलं होतं. “लहान मूल असलेल्या घरात? तूच तर सगळ्यांत जास्त घाबरतेस.”

“घाबरते म्हणूनच वाचतेय.”

ते खरंच होतं. त्या डब्यात किती वीज असते आणि बटण बंद केल्यावरही ती आत कशी दबा धरून बसते, हे घरात फक्त तिला ठाऊक होतं. किट निवडताना ती आवाजाआधी तेच बघत होती. उरलेली वीज आपोआप निचरून टाकणारा रेझिस्टर आहे का? डब्याला खालून पत्रा आहे का, की लहान बोट आत जाईल? ट्रान्सफॉर्मर आपल्याकडच्या विजेचा आहे की परदेशातल्या अर्ध्या विजेचा? पन्नास वॅटचा डबा ती पहिल्याच दिवशी बाजूला ठेवून बसली होती. भाग जास्त, वीज जास्त, चुकायला जागा जास्त. आणि या खोलीत त्याचा कान जरा पिळला की शेजारचं वासरू दावं तोडेल. मधला अठराचा होता, त्याने दोन दिवस मोह घातला. शेवटी पाच वॅटवर मन बसलं. मोजक्या नळ्या, थोडे भाग, सुटसुटीत वायरिंग. पहिलं काम असं असावं की चूक झाली तर ती दिसावी.

गोजराबाईंनीही आपलं मत दिलं. “आमच्याकडं व्हता वॉलचा रेडिओ. तापायला टाइम घ्यायचा. तवर माझी एक भाकरी व्हायची. पण तवा घरात ल्येकरू न्हवतं, पोरी. असली इज नगं बाई घरात.”

हे त्या कुठे उभं राहून म्हणाल्या? मागच्या पडवीत, वॉशिंग मशीनपाशी, पायात रबरी चपला घालून. मशीनपाशी चपलांचा एक जोड कायम असायचा. घरात येणाऱ्या प्रत्येक भाडेकरूला गोजराबाई पहिल्या दिवशी पाण्याची वेळ सांगत, कचऱ्याची जागा सांगत आणि मग सांगत, “मशीनला हात लावायचा तर चपला घालून. चावतंय जरा.” चावरा कुत्रा असावा आणि त्याची खोड सांगावी, तसं.

तृप्तीने तेव्हाच विचारलं होतं, अर्थिंग नाही का? दयानंदने कुंपणाजवळ जमिनीतून वर आलेली लोखंडी नळी दाखवली होती. “ही काय हितं. पक्की हाय. मशीनीला असतंच तेवढं, वहिनी.” वरच्या फ्रिजच्या दांडीलाही ओल्या हाताला मुंग्या यायच्या. प्रदीपने कारखान्यातून आल्या आल्या, पायात कंपनीचे जाड बूट असतानाच, दांडी धरून दाखवली होती. “मला तर काही लागत नाही. तुझ्या मनाचं आहे.” पिंकी तेव्हा महिन्याची होती. रात्रीची झोप नाही, अंगात त्राण नाही. असेल मनाचं, म्हणून तिने तोंड मिटलं.

आणि पिंकी चालायला लागली तेव्हा गोजराबाईंनी पौडच्या बाजारातून तिच्यासाठी इवल्या इवल्या रबरी चपला आणल्या. पाऊल टाकलं की चूं वाजणाऱ्या. “आता पडवीत फिरायची ही,” त्या म्हणाल्या होत्या. “घालून ठेवत जा.” तृप्तीला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

किट बनवून देणारा माणूस सूसला राहायचा, निषाद नावाचा. तो ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायचा. तृप्तीने दुपारी पिंकी झोपल्यावर त्याला फोन लावला.

“पहिलाच ना? मग पाचचाच घ्या,” तो म्हणाला. इथवर बरं होतं. “सरांनी आधी काही सोल्डर केलंय का?”

“कुठले सर?”

“म्हणजे, मिस्टर बनवणार असतील ना?”

“मिस्टर गिटार धरतात तेव्हा ती उलटी असते,” तृप्ती म्हणाली. “मी बनवणार आहे. मी सर्किट टेस्टिंगला होते.”

मग त्याचा सूर बदलला. “सॉरी. मग एक काम करा. तुमच्या भिंतीच्या प्लगला अर्थ आहे का, मोजून मला फोटो पाठवा. त्याशिवाय मी किट देत नाही. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. अर्थ नसेल आणि आत काही बिघडलं, तर ती वीज सरळ वाजवणाऱ्याच्या बोटात.”

“अर्थ आहे,” ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला ती कुंपणाजवळची नळी आठवली. नळी पाहिली होती. मोजलं कधीच नव्हतं.

तिने कपाटाच्या वरच्या फळीवरून मल्टिमीटर काढला, नोकरीच्या दिवसांतला. फेज आणि न्यूट्रलमध्ये आकडा नीट आला. फेज आणि अर्थमध्येही तेवढाच यायला हवा. तिथे मीटरवर आकडा स्थिरच होईना. नशेतल्या माणसासारखा झोकांड्या खात राहिला. तिने स्वयंपाकघरातला प्लग बघितला, मग बाथरूमबाहेरचा. तेच. अर्थच्या भोकामागे तार होती, पण ती कुठे पोचत नव्हती.

झोपलेल्या पिंकीभोवती उशा लावून, दार उघडं ठेवून ती जिन्याखालच्या मीटरबोर्डाशी गेली. तिथे हिरवी वायर होती. नळीकडून आलेली एक आणि घराकडे जाणारी एक. दोघींची टोकं वेगळी करून, प्रत्येकीवर काळी टेप व्यवस्थित गुंडाळलेली. उंदराने कुरतडलेलं नव्हतं, गंजून तुटलेलं नव्हतं. कुणीतरी बसून, निवांतपणे, नीट केलेलं काम.

चपलांचा जोड. मुंग्या. ‘तुझ्या मनाचं आहे.’ आणि मुलीच्या पायातल्या त्या चूं वाजणाऱ्या चपला. घरातली वीज दुरुस्त करायची नाही, सव्वा वर्षाच्या पोरीला चपला घालायच्या. आणि वर हीच माणसं तिला सांगणार, अ‍ॅम्प धोक्याचा.

ती वर गेली, पिंकीला झोपेतूनच खांद्यावर घेतलं आणि तडक तळमजल्यावरच्या गोडाऊनमध्ये आली. दयानंद स्पीकरचे खोके भिंतीसारखे रचून सिस्टीम तपासत बसला होता. गाण्याचा ठेका छातीवर आदळत होता. तिला बघून त्याने आवाज कमी केला.

“जिन्याखालची हिरवी वायर कुणी काढली?”

“मीच. का?”

त्याने मान वरही केली नाही. नाकारेल, आठवत नाही म्हणेल, याची तृप्तीने तयारी केली होती. इतक्या सरळ उत्तराची नव्हती केली.

“का काढली?”

“हितं सिस्टीम लावली की हम यायचा. ऊं करत ऱ्हायचं सारखं. अर्थ काढला, हम गेला. सगळं साऊंडवालं तसंच करत्यात, वहिनी.”

“मांडवात करत असतील. हे घर आहे.”

“घरातबी तीच लाईट येती की.”

“मी तुम्हाला विचारलं होतं, दादा. अर्थिंग आहे का म्हणून. तुम्ही नळी दाखवलीत.”

“मग? नळी हायेच की. खोटं बोललो का?”

खांद्यावर पिंकी होती म्हणून तृप्तीने आवाज चढवला नाही. त्यामुळे शब्द दातांतून आले. “घरातल्या सगळ्या यंत्रांचे पत्रे त्या हिरव्या वायरने एकमेकांना बांधलेत. ती जमिनीत गेली तर वीज जमिनीत जाते. तुम्ही ती मध्येच तोडलीत. आता गीझर बिघडला तर तुमच्या गीझरची वीज माझ्या फ्रिजला येणार. आणि फ्रिजला धरून माझी मुलगी उभी राहते. दिवसभर. अनवाणी.”

“तिला चपला दिल्यात की आयेनं.”

तेवढ्यात पहिल्या पाळीवरून परतलेला प्रदीप दारात आला. त्याने दोघांचे चेहरे पाहिले आणि जे तो नेहमी करायचा तेच केलं. “तृप्ती, वर चल. आपण नंतर बोलू. भाडेकरू आहोत आपण.”

“भाडेकरूला शॉक बसत नाही का?”

“तसं नाही गं. दादा करतील ते. जत्रा झाल्यावर करा, दादा, काय घाई नाही.”

काय घाई नाही. तृप्तीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या पायात अजून ते जाड बूट होते.

“व्हय, परवा जत्रेची सुपारी हाय,” दयानंदला धीर आला. “ती झाली की बघतो. आन् वहिनी, इतकी वर्सं असंच हाय. कुणाला काय झालं का सांगा.”

“मला झालं.”

गोजराबाई मागच्या दाराच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर वालाच्या शेंगांचं सूप. त्या तिथे आधीपासून होत्या. कुणी लक्ष दिलं नव्हतं एवढंच.

“मागल्या साली न्हाणीत पडले मी,” त्या म्हणाल्या. “गीझरच्या तोटीला हात लावला आन् कुनीतरी ढकलल्यागत झालं. खुबा सुजला. तुला सांगितलं तर म्हनलास, चक्कर आली, वय झालं आये. डाक्टरकडं नेलंस, त्यानं बीपीची गोळी लावून दिली. अजून खातीया ती.”

“आये, ते बीपीच व्हतं.”

“मंग मशीन का चावतंय? त्येलाबी बीपी हाय?”

प्रदीपला हसू फुटलं, पण तृप्तीचा चेहरा बघून त्याने ते खोकल्यात मिसळलं.

गोजराबाईंनी सूप बाजूला ठेवलं. “पोरी, गीझर त्याच वायरीवर हाय का?”

“हो, मावशी. सगळं त्याच वायरीवर आहे.”

“आन् मी पडायच्या आधी काढली का नंतर?” हा प्रश्न लेकाला होता.

दयानंद साऊंड मिक्सरचं एक बटण उगाच वरखाली करत राहिला. ते उत्तर सगळ्यांना कळलं.

गोजराबाई उठल्या, गुडघ्यावर हात देऊन सावकाश चालत जिन्याखाली गेल्या, आणि मेन स्विचची दांडी धरून खाली ओढली. गोडाऊनमधला ठेका मध्येच तुटला. एवढ्या मोठ्या भिंतीचे सगळे लुकलुकणारे दिवे एकदम विझले आणि बाहेरच्या चिमण्या ऐकू आल्या.

“वायर जोडल्याबिगर ही वर करायची न्हाई,” त्या म्हणाल्या.

“आये, परवा सुपारी हाय. टेस्टिंग राह्यलंय.”

“मंग लवकर जोड.”

जोडणं काही लवकर झालं नाही. वायर जोडून तृप्तीने मोजलं तर आकडा थोडा सावरला, पण हवा तेवढा नाही. नळीभोवतीच्या खड्ड्यावर गेल्या दिवाळीला दयानंदने टेम्पो उभा करायला सिमेंटचे ब्लॉक बसवले होते. खालची माती खडखडीत कोरडी, आणि कोरड्या मातीत वीज उतरत नाही. ब्लॉक उपटावे लागले. तो घाम पुसत कुदळ मारत होता आणि पुटपुटत होता की एका पाच वॅटच्या डबड्यापायी. गोजराबाई मिठाचं पोतं आणि पाण्याच्या बादल्या आणत होत्या. प्रदीप बूट काढून ब्लॉक उचलायला गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तृप्ती पिंकीला कडेवर घेऊन मीटर धरून उभी, आणि आकडा हवा तिथे येऊन स्थिर होईपर्यंत तिने कुणालाही मेन वर करू दिली नाही. पत्र्यांवर येणारी वीज गीझरमधूनच गळत होती, हे तिने मोजून पाहिलं आणि त्याची वायर काढूनच ठेवली. त्याची कॉइल बदलल्याशिवाय तो लावायचा नाही, हे तिने दयानंदकडून दोनदा वदवून घेतलं.

मेन वर गेली. गोडाऊनमधून ऊं आला, भुंग्यासारखा.

“ऐका,” दयानंद म्हणाला. “आला का न्हाई हम?”

“मिक्सर आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डावरून घ्या. दोन भिंतींच्या दोन प्लगांना लावलेत म्हणून येतो.”

त्याने वायर ओढून लावून बघितली. भुंगा पुष्कळ खाली बसला, पुरता गेला नाही. “एवढंच व्हतं तर आधी सांगायचं, वहिनी.”

तृप्तीने मीटरचा फोटो काढला.

वर आल्यावर तिने तो निषादला पाठवला. प्रदीप हातपाय धुऊन, पिंकीला घेऊन दारात उभा होता. समेटाच्या सुरात म्हणाला, “चला, एकदाचं तुझं समाधान झालं. आता पन्नासचा घ्यायचा असेल तरी घे बाई.”

समाधान. घरभर वर्षभर उघडी वीज खेळत होती, आणि त्याच्या लेखी दुरुस्त झाला तो तिच्या मनातला संशय. तू बरोबर होतीस, एवढे तीन शब्द या घरात कुणाच्या तोंडी येत नव्हते. नवऱ्याच्याही नाही, दयानंदच्या तर नाहीच.

“पाचचा,” ती म्हणाली. “आणि प्रदीप, पुढच्या वेळी मी म्हणाले मुंग्या येतात, तर आधी बूट काढायचे.”

त्याने मान खाली घातली. मग पिंकीच्या केसांत बोलावं तसं म्हणाला, “काढीन.”

निषादचा निरोप आला: अर्थ छान आहे, पुढच्या आठवड्यात खोकं पाठवतो, नाव कुणाचं टाकू? तृप्तीने स्वतःचं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट.

संध्याकाळी ती कपडे घेऊन पडवीत गेली तर गोजराबाई मशीनपाशी उभ्या. सवयीने पाय चपलांत गेले होते. तृप्तीला पाहून त्यांनी एक पाय बाहेर काढला, फरशीवर टेकवला, थांबल्या, मग दुसरा. आणि हाताची मागची बाजू मशीनच्या पत्र्याला हळूच लावली, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी.

“गार हाय गं,” त्या म्हणाल्या. तळवा फिरवून पुन्हा लावला. “नुसतं गार.”

त्यांनी चपलांचा जोड उचलला आणि अंगणाच्या टोकाला, बाहेरच्या चपलांत नेऊन ठेवला. पिंकीच्या इवल्या चपलाही तृप्ती तशाच उचलून ठेवणार होती. पण पिंकीने त्या घट्ट धरल्या आणि अशी किंचाळली की सोडून द्याव्या लागल्या. आता ती त्या घालून पडवीभर फिरत होती, चूं, चूं, चूं, आणि प्रत्येक चूंगणिक तृप्तीचा राग नव्याने जागा होत होता. पण दोन्ही कान उघडे होते, आणि मूल कुठे आहे ते तिला न बघता कळत होतं.